बैलं एकाची, खटारा दुसऱ्याचा

आमच्या सांगोल्याच्या राजकारणाचं कोडं बाहेरचा माणूस दोन वाक्यांत सोडवतो. पहिलं वाक्य, ‘तिथं काय, गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले.’ दुसरं, ‘धनगरांचा तालुका आहे ना तो.’ झालं. चहा पिऊन तो पंढरपूरच्या रस्त्याला लागतो. दोन्ही वाक्यं खोटी नाहीत, पण तेवढ्यावर साठ वर्षांचा हिशेब लागत नाही. अकरा वेळा निवडून देणाऱ्या याच तालुक्याने त्याच माणसाला दोनदा घरी बसवलं. विधानसभेला लाल बावटा आणि लोकसभेला पंजा असा दुहेरी कारभार कित्येक घरांनी वर्षानुवर्षं चालवला. आणि राज्यात ज्याची लाट असेल त्याच्या उलट बाजूला शिक्का मारायची एक खोड जपली. ही खोड आली कुठून, हे मला कळलं ते घरातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून, तेही तुकड्यातुकड्यांनी.

सांगोला म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा नैर्ऋत्य कोपरा. पलीकडे आटपाडी आणि जत, म्हणजे सांगली जिल्हा. अलीकडे पंढरपूर, माळशिरस, मंगळवेढा. माण नदी आमच्या बाजूने जाते, पण तिच्यात पाणी कमी आणि वाळू जास्त. रविवारचा जनावरांचा बाजार मोठा, खिलार बैलांसाठी लांबून गिऱ्हाईक येतं. १९२७ साली बार्शी लाइटची छोटी गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत गेली ती आमच्या शिवारातून. पण गाडी आली म्हणून पाणी आलं नाही, आणि सांगोल्यातली प्रत्येक गोष्ट शेवटी पाण्यापाशीच येऊन थांबते. मतदानसुद्धा.

आमचे थोरले चुलते तात्या एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर ते पारावर बसून राजकारण शिकवायचे. त्यांचा पहिला धडा उसाचा. ‘माळशिरसला कालवा गेला, ऊस झाला. पंढरपूरला ऊस झाला. उसामागनं कारखाना आला, कारखान्यामागनं चेअरमन आला. ज्येच्या काट्यावर आपला ऊस जातूय, त्येच्या विरुद्ध शिक्का मारायचा म्हंजी हात कापतूय लका. आपल्याकडं काटाच न्हवता. मग भ्यायचं कुणाला?’

मी पुढे कॉलेजात पश्चिम महाराष्ट्राच्या सहकाराबद्दल बरंच वाचलं. पण एका तालुक्यात काँग्रेसची पकड का बसली आणि शेजारच्या तालुक्यात का बसली नाही, याचं तात्यांच्या इतकं सरळ उत्तर मला कुठे मिळालं नाही. नीरा उजव्या कालव्याचं शेपूट तेवढं आमच्या तालुक्यात येतं, आणि शेपटापर्यंत पाणी पोचेस्तोवर वरच्यांचा ऊस डोक्याएवढा झालेला असतो. ज्वारी, करडई, मेंढरं यांच्यावर जगणाऱ्या माणसाला उपकार करायला कुणी चेअरमन नव्हता, आणि धमकी द्यायलाही नव्हता. सांगोल्याचाही साखर कारखाना पुढे निघाला, पण तो वर्षानुवर्षं बंद पडून राहिला. त्याच्यावर घराणं उभं राहावं इतकं बळ त्यात कधी आलं नाही.

थोरली आई, म्हणजे माझी आजी, हिने पहिलं मत १९५७ साली दिलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. खोलीत जायचं, ज्याचं चित्र चिकटवलं असेल त्या पेटीत कागद टाकायचा आणि बाहेर यायचं. १९६२ साली पद्धत बदलली. एकच कागद, त्यावर सगळी चित्रं, आपल्या चित्रावर शिक्का मारायचा. थोरली आई सांगायची की शिक्क्याची शाई लुगड्याला लागली तर डाग जायचा नाही, म्हणून बायका हात लांब धरून बाहेर यायच्या. अख्खी वाडी एका गाडीत बसून केंद्रावर गेली होती. गाडी पाटलाची, तेव्हा मत कुणाला द्यायचं हे गाडीत बसतानाच ठरलं असं पाटलाने धरलं होतं.

काँग्रेसचं चिन्ह बैलजोडी. शेतकरी कामगार पक्षाचं खटारा. गाडीवानाने वाटेत दोन-तीनदा बजावलं, ‘बैलावर मारा, बैलावर.’ त्यावर माझी चुलत आजी म्हणाली म्हणे, ‘बैलं त्येंची अन् खटारा ह्येंचा. नुसत्या बैलावर बसून कुणी बाजारला गेलंय व्हय?’ गाडीत हशा पिकला. पाटलाची गाडी भरून गेली आणि निम्मी मतं खटाऱ्यावर पडली, असं थोरली आई सांगायची. निम्मी कशी मोजली, विचारू नये. वाडीतल्या गोष्टीत निम्मी म्हणजे आपली.

त्या वर्षी महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झालेली. यशवंतराव चव्हाणांचा दबदबा असा की काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. शेकापच्या पदरात १५. त्या पंधरांत सांगोल्याचे अ‍ॅडव्होकेट गणपतराव देशमुख होते. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, म्हणजे सांगोल्याला ते बाहेरचे. वकिली करायला आले आणि इथलेच झाले. कूळ, सावकार, गहाणखतं असल्या भानगडीत गरिबाकडून पैसे न घेणारा वकील, अशी त्यांची ओळख आधी झाली आणि आमदारकी नंतर आली, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. सगळा तालुका त्यांना आबा म्हणायचा, विरोधकसुद्धा.

पक्षाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण आता नव्या पोरांना शेकाप म्हणजे काय हेही माहीत नसतं. १९४७-४८ च्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि शेतकरी-कामगारांचा पक्ष म्हणून हा पक्ष उभा राहिला. दाभाडी प्रबंध, मार्क्सवाद वगैरे त्याचं लिखित तत्त्वज्ञान. काही वर्षांत जेधे-मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परत गेले. पुढारी गेले, खेड्यातला कार्यकर्ता राहिला. सांगोल्यात तर असा राहिला की लेनिनचं नाव न ऐकलेला माणूस खांद्यावर लाल झेंडा घेऊन पंढरीच्या दिंडीत चालायला तयार. आमच्या घरात लाल बावटा आणि विठोबा यांच्यात कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

घर मात्र फुटलेलं होतं. आजोबा काँग्रेसचे. जवळ्याच्या साळुंखे-पाटलांशी त्यांचे पै-पाहुण्यांचे लागेबांधे, आणि पाहुण्याला सोडून मत देणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. १९७२ च्या मार्चमध्ये त्यांचा पक्ष जिंकला. बांगलादेशच्या लढाईनंतर इंदिराबाईंच्या नावाचा डंका वाजत होता, काँग्रेसने राज्यात २७० पैकी २२२ जागा मिळवल्या, आणि सांगोल्यात काकासाहेब साळुंखे-पाटलांनी आबांना पाडलं. आजोबांनी पारावर पेढे वाटले.

मग पाऊस पडला नाही.

बाहत्तरचा दुष्काळ आमच्याकडे अजून कालमापनाचं एकक आहे. ‘तू बाहत्तरच्या आदला का नंतरचा?’ असं विचारतात. थोरल्या आईने त्याची गोष्ट मला इतक्या वेळा सांगितली की ती खडी मी स्वतः फोडली आहे असं मला वाटायचं. खिलारची जोडी आजोबांनी मिळेल त्या भावाला विकली, कारण कडबा सोन्याच्या भावाचा झाला होता. विहिरीत उतरून वाटीने पाणी भरायचं. रेशनला मिलो आला, लाल रंगाची अमेरिकन ज्वारी. भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ली की पोटात धोंडा पडायचा. कामावर सुकडी मिळायची, ती पोरांसाठी पदरात बांधून आणायची.

काम म्हणजे खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. थोरली आई खडीवर होती. ती हात दाखवायची. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख वाकडंच वाढायचं, हातोडा बसला होता म्हणून. ‘मोजमापाला मुकादम यायचा. चौकटीची पेटी खडीनं भरायची, घमेल्यानं शीग लावायची, तर त्यो म्हणायचा शीग नको, सपाट कर. मग त्या उरल्याल्या खडीचं काय? ती त्येच्या हिशेबात जायची.’ एके दिवशी बायकांनी काम बंद केलं आणि मोजमापाच्या जागेवरच ठिय्या मारून बसल्या. आबा आले. तेव्हा ते आमदार नव्हते, पडलेले होते. थोरली आई सांगायची, ‘पडल्याला माणूस पायी आला. त्येनं भाषण केलं न्हाय. पेटी मागवली, स्वतः उकिडवं बसून खडी भरून बघितली अन् मुकादमाला म्हणाला, आता लिही.’

हे तिने सांगितलं तसंच घडलं असेल का, मी सांगू शकत नाही. पन्नास वर्षं जुनी आठवण घासून गुळगुळीत होते, आणि तालुक्यातल्या दहा गावांत अशीच गोष्ट दहा मुकादमांबद्दल सांगतात. पण दुष्काळी कामांवरच्या मजुरीची आणि हक्काची लढाई शेकाप आणि डाव्या मंडळींनी तेव्हा मोठ्या नेटाने लढवली, ही नोंद पक्की आहे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या विसापूरच्या प्रयोगाला राज्याचं रूप आलं आणि पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा कायद्यातला हक्क. थोरल्या आईला कायदा माहीत नव्हता. पेटी सपाट भरायची की शीग लावून, एवढं तिला माहीत होतं.

काकासाहेबांच्या निधनानंतर १९७४ साली पोटनिवडणूक लागली. आजोबा नेहमीप्रमाणे काँग्रेसला. थोरल्या आईने त्या वर्षी पहिल्यांदा आजोबांना तोंडावर सांगितलं की मी खटाऱ्यावर मारणार. घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी आजोबा जेवताना म्हणाले, ‘मार. पर गावात सांगू नगंस.’ तिने अख्ख्या गावात सांगितलं. आबा निवडून आले आणि तिथून १९७८, १९८०, १९८५, १९९० असे ओळीने निवडून येत राहिले.

या ओळीकडे जरा नीट बघा. १९८० साली इंदिराबाई परत आल्या, राज्यात काँग्रेसची सत्ता आली, सांगोल्यात शेकाप. पंच्याऐंशीला राजीव गांधींची हवा, सांगोल्यात शेकाप. आमचा माणूस बहुतेक वेळ विरोधी बाकावर. १९७८ चं पुलोद सरकार आणि १९९९ चं आघाडी सरकार, या दोन वेळा ते मंत्री झाले, बाकी सगळा काळ समोरच्या बाजूला. म्हणून मला ‘व्यक्तिपूजा’ हा शब्द अपुरा वाटतो. पूजा करणारा प्रसादाची वाट बघतो. सांगोल्याला मुंबईत सरकारशी भांडणारा वकील हवा होता, आणि वकिलाने न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसावं अशी अपेक्षा कुणी करत नाही.

दिल्लीचं मात्र वेगळं. सांगोला तेव्हा पंढरपूर लोकसभा मतदारसंघात, जागा राखीव. १९७७ पासून १९९८ पर्यंत काँग्रेसचे संदिपान थोरात तिथून सात वेळा निवडून गेले. सत्याहत्तरला देशभर जनता पक्षाची लाट होती तेव्हासुद्धा. लाल बावट्याच्या गावात हे कसं, असं मी तात्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘दिल्लीला आपलं काम काय असतंय? गॅसचं कनेक्शन अन् रेल्वेचं रिझर्वेशन. त्याला इंदिराबाई बरी. पाणी अन् काम मुंबईत मिळतंय, तिथं आबा.’ राज्यशास्त्राच्या पुस्तकात मतदाराने दोन निवडणुकांत दोन पक्ष निवडण्याला मोठमोठी नावं आहेत. तात्यांनी ते गॅस आणि पाणी एवढ्यात बसवलं.

तात्यांच्या एसटीतल्या गोष्टीही यात आल्या पाहिजेत. गाडीत आमदारांसाठी एक आसन राखून ठेवलेलं असतं, खिडकीवर तसं रंगवलेलं असतं. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे महाराष्ट्रातल्या हजारो गाड्यांत ते आसन फक्त रंगापुरतं होतं, सांगोला आगाराच्या गाडीत ते वापरात होतं. आबा एसटीने हिंडायचे ही काही दंतकथा नाही, सगळ्या राज्याने ते बघितलं आहे. तात्यांचं निरीक्षण पुढचं होतं. आमदार गाडीत बसला की लोक त्याच्या आसनाभोवती दाटीवाटीने उभे राहत आणि कागद पुढे करत. सातबारा, पेन्शनचा अर्ज, पोराच्या बदलीचा अर्ज. सांगोला ते पंढरपूर एवढ्या प्रवासात कचेरी भरायची. ‘माझ्या गाडीत हुबं राहायला पैसे देऊन माणसं चढायची,’ हे तात्यांचं लाडकं वाक्य.

आता दुसरी बाजू. माझा चुलतभाऊ पक्का आबाविरोधक. त्याचं म्हणणं तात्यांच्या तोंडावर असायचं, ‘साधेपणाचं कौतुक पुरे झालं. पन्नास वर्षं एकच आमदार, आणि टँकर अजून येतोय. शेजारच्यांनी सत्तेत जाऊन कालवे ओढून नेले, आपण निवेदनं देत बसलो.’ तात्या चिडायचे, पण उत्तर देताना अडखळायचे. मला चुलतभावाचं म्हणणं निम्मं पटतं. विरोधी बाकावरून पाणी उशिरा येतं, हे खरंच आहे. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना कागदावरून शिवारात यायला दशकं गेली, आणि त्या दशकांत आमच्या वाडीतली दोन पिढ्यांची पोरं ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत गेली.

पण दुसरं निम्मंही सांगायला हवं. १९९३ साली आटपाडीत दुष्काळग्रस्तांची पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथ अण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर ही मंडळी पुढे होती. सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतले तेरा दुष्काळी तालुके कृष्णेच्या पाण्यावर हक्क सांगायला एकत्र आले आणि ती परिषद पुढे दरवर्षी भरत राहिली. आमच्या वाडीतून ट्रॅक्टर भरून माणसं जायची. मी लहानपणी एकदा गेलो आहे. भाषणं काही समजली नाहीत, उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यांची फेट्यांची रांग तेवढी लक्षात राहिली. सत्तेतल्या पक्षांनी योजना मंजूर केल्या असतील, पण ‘तुमच्या तालुक्याला उंचीमुळे पाणी देताच येत नाही’ हे सरकारी उत्तर मोडून काढलं ते या लोकांनी. पिण्याच्या पाण्याची शिरभावी योजना ऐंशीच्या वर गावांना भीमेचं पाणी देते, तीही तालुक्यात झाली. शेतकरी सहकारी सूतगिरणी आबांच्या पुढाकाराने उभी राहिली. माझ्या आत्याचे यजमान तिथे तिसऱ्या पाळीला होते. त्यांचं मत कुणाला, हे घरात कुणी विचारत नसे.

एवढं असून १९९५ ला आबा पडले. किती मतांनी? १९२. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. गंमत अशी की त्याच निवडणुकीत काँग्रेस राज्यात ८० जागांवर घसरली, शिवसेना-भाजपचं सरकार आलं, आणि सांगोल्याने नेमकी त्याच वर्षी काँग्रेस निवडली. बासष्टला काँग्रेसचं राज्य तेव्हा शेकाप, पंच्याण्णवला काँग्रेस बुडाली तेव्हा काँग्रेस. खोड म्हणतो ती ही.

१९२ मतांनी पडलेल्या निवडणुकीचा एक विशेष असतो. प्रत्येक गाव ती हार आपल्या अंगावर घेतं. आमच्या वाडीत सांगतात, मतदानाच्या दिवशी दोन लग्नांची वऱ्हाडं बाहेरगावी गेली होती, त्यात सव्वाशे मतं आपली. पलीकडच्या गावात सांगतात, त्यांची मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरलेली माणसं परत आली नाहीत. तिसऱ्या गावात बाद मतांची गोष्ट, शिक्का रेषेवर पडला म्हणून. सगळ्या गावांनी सांगितलेली राहून गेलेली मतं मिळवली तर आबा वीस हजारांनी निवडून यायला हवे होते. तात्यांनी त्या निकालाच्या संध्याकाळी रेडिओ बंद करून ठेवला आणि थोरली आई म्हणाली, ‘आता घरी बसतील जरा. वय झालंय.’ वय तेव्हा सत्तरीच्या उंबऱ्यावर. त्यानंतर आबा १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे आणखी चार वेळा निवडून आले. शेवटच्या वेळी अठ्ठ्याऐंशीच्या घरात होते आणि मताधिक्य पंचवीस हजारांचं होतं. देशात मोदींची लाट होती ते वर्ष.

जातीचं काय, असा प्रश्न उरतोच. आबा धनगर समाजाचे, समोरचा उमेदवार बहुतेक वेळा मराठा. गावागावांत त्याप्रमाणे मतं झुकतात, हे नाकारणारा माणूस एकतर भाबडा किंवा उमेदवार. आजोबांचं मत पाहुण्यांच्या नात्याने जायचं, तसं कितीतरी घरांचं वाडी-वस्तीच्या नात्याने खटाऱ्याला जात असे. पण केवळ जातीने अकरा विजय होत नाहीत. माझी थोरली आई आजोबांच्याच जातीची, आणि तिचं मत खडीच्या पेटीने फिरवलं होतं. अशा किती बायका तालुक्यात होत्या त्याची मोजदाद कुणी केली नाही. मतपेटीत बायकांची मतं वेगळी मोजत नाहीत, म्हणून राजकारणाच्या गप्पांत त्या दिसत नाहीत.

मग डाळिंब आलं. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना निघाली. खड्डे खोदायची मजुरी सरकार देणार, बाग तुमची. आधी बोरं, मग डाळिंब. भगव्या डाळिंबाने माळरानाचा रंग बदलला. अजनाळ्यासारख्या गावात बंगल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, परदेशी माल जाऊ लागला. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली, पंतप्रधानांनी दिल्लीतून झेंडा दाखवला. छोट्या गाडीच्या गावाला केवढा मान! खडी फोडलेल्या बाईचा नातू औषधाच्या कंपनीच्या प्रतिनिधीशी तेल्या रोगावर तासभर बोलू लागला. तो नातू बाहत्तरनंतर वीस-पंचवीस वर्षांनी जन्मलेला. मिलो त्याने ऐकलेलाही नाही. त्याला लाल बावटा म्हणजे आजीची गोष्ट.

२०१९ ला आबांनी वयामुळे निवडणूक लढवली नाही. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेकडून आलेल्या शहाजीबापूंनी त्यांना ७६८ मतांनी हरवलं. शहाजीबापूंचे दोन विजय मिळवले, १९२ आणि ७६८, तर बेरीज ९६० होते, हजारही नाही. एवढ्या अंतरावर हा माणूस दशकानुदशकं हरूनही उभा राहत गेला, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. लोकशाहीत टिकून हरणाऱ्याला कुणी मान देत नाही. बापूंना महाराष्ट्राने ओळखलं ते वेगळ्याच कारणाने, २०२२ च्या जूनमध्ये गुवाहाटीतून केलेल्या एका फोनमुळे. त्या फोनवरचं झाडी, डोंगार आणि हाटीलचं वर्णन घराघरांत गेलं. राज्य हसलं, आमच्याकडे मात्र लोकांना हसू आलं ते आपली बोली टीव्हीवर ऐकून. सांगोल्याचा माणूस असाच बोलतो, आणि इथल्या माळावरून गेलेल्याला झाडीचं अप्रूप वाटणं साहजिक आहे.

आबा ३० जुलै २०२१ ला गेले. तात्या त्याआधीच गेले होते, थोरली आई त्याच्याही आधी.

२०२४ च्या नोव्हेंबरात निवडणूक झाली तेव्हा आमच्या वाडीतल्या पोरांचा अंदाज होता की आता शेकाप संपला. महायुतीत शिवसेनेकडून शहाजीबापू, महाविकास आघाडीतून उद्धव ठाकरेंच्या पक्षाचे दीपक साळुंखे, आणि दोन्हींच्या बाहेर शेकापकडून आबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. राज्यात महायुतीने २३० च्या वर जागा जिंकल्या. सांगोल्यात शेकाप पंचवीस हजारांवर मतांनी निवडून आला, म्हणजे आबांच्या शेवटच्या मताधिक्याच्या जवळपास तेवढ्यानेच. विरोधातली मतं दोन ठिकाणी फुटली, हे खरं कारण आहेच. पण एवढ्या मोठ्या लाटेतही उलट बाजूला जायचं धैर्य मतदाराला वारशाने मिळालं असावं, असं मी म्हणेन. माझ्या डाळिंबवाल्या पुतण्याने मत कुणाला दिलं ते सांगितलं नाही. ‘थोरल्या आईच्या गोष्टी तुला ऐकवल्या होत्या का रे?’ एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, ‘खडीची एक ऐकवली होती तुम्ही.’

१९६२ ला मताचं वय एकवीस होतं. तेव्हा शिक्का मारलेला माणूस आज चौऱ्याऐंशीच्या पुढचा आहे. सांगोला, आटपाडी, जत, मंगळवेढा इथे अशी माणसं अजून पडवीत बसलेली सापडतील, पण दरवर्षी कमी होत आहेत. त्यांना कुणी विचारत नाही, कारण पुढाऱ्यांची चरित्रं लिहिली जातात, मतदारांची नाहीत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर यंदाच्या सुट्टीत फोनचा रेकॉर्डर लावा आणि विचारा, पहिलं मत कुणाला दिलं, का दिलं, केंद्रावर कुणाच्या गाडीतून गेलात. नावं, गावं, सालं नीट लिहून ठेवा. निकालाचे आकडे निवडणूक आयोगाकडे आहेत, ही माहिती दुसरीकडे कुठेही नाही.